जात्याच्या घरघरीतले दुःख

बहिणाबाई चौधरी यांची जी गाणी मराठी माणसाच्या ओठांवर आहेत, ती बहुधा संसाराची, सुगरणीच्या खोप्याची आणि चंचल मनाची. १९६१ साली 'मानिनी' या चित्रपटासाठी वसंत पवार यांनी त्यांच्या काही कवितांना चाली दिल्या आणि खान्देशातील ती बोली घरोघरी पोहोचली. मात्र संसाराचे मर्म इतक्या सहजपणे सांगणाऱ्या या स्त्रीचा स्वतःचा संसार ऐन तिशीत मोडला होता, याचे स्मरण ही गाणी गुणगुणताना फारसे कुणाला होत नाही.

जळगावजवळच्या असोदे या गावी १८८० साली, नागपंचमीच्या दिवशी, महाजनांच्या घरात बहिणाबाईंचा जन्म झाला. तेराव्या वर्षी जळगावच्या नथूजी खंडेराव चौधरी यांच्याशी त्यांचा विवाह झाला. शाळेचे तोंड त्यांनी कधी पाहिले नाही. शेत, गोठा, चूल आणि जाते हीच त्यांची पाठशाला होती. पहाटे दळताना किंवा शेतात राबताना ओव्या सुचत आणि कामाच्या लयीत त्या गायिल्या जात.

१९१० च्या सुमारास नथूजींचे निधन झाले. पदरी ओंकार व सोपान हे दोन मुलगे आणि काशी ही मुलगी. पुढे प्लेगने ओंकारला कायमचे अपंगत्व आले. त्या काळी विधवेच्या वाट्याला येणारे जिणे सर्वांच्या परिचयाचे आहे. कपाळाचे कुंकू आणि हातातील बांगड्या गेल्या, की समाजाच्या लेखी तिचे आयुष्यही सरत असे.

बहिणाबाईंनी हे दुःख गाण्यात आणले, पण आक्रोशाच्या स्वरूपात नव्हे. कुंकू पुसले गेले तरी अंगावरचे गोंदण शिल्लक आहे आणि बांगड्या फुटल्या तरी मनगटातील कर्तृत्व कुणी हिरावून नेलेले नाही, असा धीर त्या स्वतःच्याच जिवाला देतात. अन्य एका कवितेत त्या दारी आलेल्या ज्योतिषाला परत पाठवतात. कुंकवाखाली दडलेली कर्माची रेषा कुंकू पुसताच उघडी पडली आहे. तिचा अर्थ त्यांना पुरेपूर कळलेला आहे. आता देवाजवळ मागणे एकच, आपली दोन मुले सुखी राहावीत. दैवापुढे न वाकणारा हा मानी स्वर त्या काळच्या मराठी कवितेत विरळाच म्हणावा लागेल.

ही गाणी बहिणाबाईंसोबतच लुप्त होण्याचा धोका होता. लिहिता न येणाऱ्या आईची गाणी पुत्र सोपानदेव आणि त्यांचे मावसभाऊ पितांबर चौधरी यांनी जमेल तशी टिपून ठेवली. जी टिपली गेली नाहीत, ती वाऱ्यावर विरली. ३ डिसेंबर १९५१ रोजी बहिणाबाईंनी जगाचा निरोप घेतला. त्यानंतर, स्वतः कवी असलेल्या सोपानदेवांनी ते हस्तलिखित आचार्य अत्रे यांना दाखविले. हा ठेवा जगापुढे आलाच पाहिजे, असा आग्रह अत्रे यांनी धरला आणि १९५२ मध्ये त्यांच्या प्रस्तावनेसह 'बहिणाबाईंची गाणी' प्रसिद्ध झाली. महाराष्ट्राला या कवयित्रीची ओळख पटली, ती तिच्या मृत्यूनंतर. २०१८ साली जळगावच्या विद्यापीठाला त्यांचे नाव देण्यात आले. ज्या बाईने अक्षर गिरविले नाही, तिच्याच नावाची पदवी आज खान्देशातील लेकी मिळवितात.

जाते आता शहरांतून दिसेनासे झाले आहे. कळंबोलीसारख्या सिडकोच्या वसाहतीत वाढणाऱ्या मुलांना बहिणाबाई भेटतात त्या पाठ्यपुस्तकांत किंवा एखाद्या जुन्या गाण्यात. चाल गोड असल्याने त्यामागची वेदना चटकन जाणवत नाही. ती जाणून घेतली, तर नित्याच्या ऐकण्यातील त्या ओळींचे वजन वाढते. दळणारीने धान्यासोबत आपले दुःखही जात्यात घातले, आणि तिच्या घासाइतकेच ते पुढच्या पिढ्यांच्याही कामी आले.