'गोटू'ला नकार देणारे गणिती : एड्सगर डाइक्स्ट्रा

संगणकाच्या तासाला 'इफ', 'व्हाइल' हे शब्द तुम्ही शिकता. प्रोग्राम वरून खाली सरळ वाचता आला पाहिजे, हे आज कुणाला पटवून द्यावे लागत नाही. एके काळी मात्र याच साध्या गोष्टीवरून मोठा वाद झाला. तो वाद ज्यांनी अंगावर घेतला, त्या डाइक्स्ट्रा यांची ही ओळख.

त्यांचा जन्म ११ मे १९३० रोजी हॉलंडमधील रॉटरडॅम येथे झाला. वडील रसायनशास्त्रज्ञ, आई गणिती. लहानपणी त्यांना कायदा शिकायचा होता. पण गणित व विज्ञानातील उत्तम गुण पाहून ते लायडन विद्यापीठात सैद्धांतिक भौतिकशास्त्राकडे वळले. १९५१ मध्ये केंब्रिजला प्रोग्रामिंगचा एक उन्हाळी वर्ग त्यांनी केला आणि आयुष्याची वाट बदलली. १९५२ पासून ते अॅमस्टरडॅमच्या गणित केंद्रात काम करू लागले.

भौतिकशास्त्र सोडावे की नाही, हा प्रश्न त्यांना फार छळत होता. प्रोग्रामिंगला तेव्हा शास्त्र म्हणून मान नव्हता. त्यांचे वरिष्ठ वाइनगार्डन यांनी समजावले की संगणक आता जाणार नाहीत, आणि या कामाला शास्त्राचा दर्जा मिळवून देणाऱ्यांत तूही असू शकशील. डाइक्स्ट्रांनी निर्णय घेतला. तरीही १९५७ मध्ये लग्नाच्या नोंदणीत त्यांनी व्यवसाय 'प्रोग्रामर' असा सांगितला, तेव्हा असा व्यवसायच नाही म्हणून तो स्वीकारला गेला नाही. शेवटी 'सैद्धांतिक भौतिकशास्त्रज्ञ' अशी नोंद झाली!

त्याआधी, १९५६ मध्ये, भावी पत्नीसोबत एका कॅफेत कॉफी घेताना त्यांनी दोन गावांमधला सर्वांत जवळचा रस्ता शोधण्याची रीत सुमारे २० मिनिटांत, कागद-पेन्सिलीशिवाय तयार केली. १९५९ मध्ये प्रसिद्ध झालेली ही रीत आज जगभर शिकवली जाते.

आता त्या वादाकडे वळू. त्या काळच्या प्रोग्राममध्ये 'गोटू' ही आज्ञा सर्रास वापरली जाई. 'गोटू' म्हणजे इथून उठा आणि अमुक ओळीवर जा. अशा उड्या वाढल्या की प्रोग्राम गुंतलेल्या दोऱ्यासारखा होई. मार्च १९६८ मध्ये अमेरिकेतील एका नामांकित संगणक मासिकात डाइक्स्ट्रांचे 'गोटू'विरुद्धचे पत्र छापले गेले. त्याला जहाल मथळा दिला तो संपादक निकलाउस विर्थ यांनी.

पत्रातील मुद्दा एका उदाहरणाने पाहू. वर्गाच्या ४० उत्तरपत्रिकांच्या गुणांची बेरीज करायची आहे. प्रथम बेरीज शून्य धरा; हा झाला क्रम. पत्रिका शिल्लक आहेत तोवर एकेक उचला. ही झाली पुनरावृत्ती. पत्रिका कोरी असेल तर बाजूला ठेवा, नसेल तर गुण मिळवा. ही झाली निवड. मध्येच कुणी थांबवले, तर कोणत्या सूचनेवर आहोत आणि कितवी पत्रिका हातात आहे, एवढ्यावरून काम कुठवर आले हे नेमके सांगता येते. उड्यांच्या प्रोग्राममध्ये हे सांगणे अवघड होते, कारण त्याच ओळीवर आपण कुठून आलो याचा पत्ता लागत नाही. आणि काम कुठवर आले हेच कळले नाही, तर ते बरोबर चालले आहे याची खात्री कशी देणार?

क्रम, निवड आणि पुनरावृत्ती या तीन रचना पुरेशा आहेत, हे बोम आणि याकोपिनी या दोन इटालियन संशोधकांनी १९६६ मध्येच सिद्ध केले होते. तरीही अनेक प्रोग्रामर चिडले. १९७४ मध्ये डोनाल्ड नुथ यांनी काही ठिकाणी 'गोटू' उपयोगी पडते, हे सविस्तर दाखवले. पण प्रोग्राम शिस्तीने रचावा, हा विचार टिकला. १९९५ मध्ये आलेल्या जावा भाषेत तर 'गोटू'ची सोयच ठेवली नाही.

१९७२ मध्ये डाइक्स्ट्रांना संगणकशास्त्रातील सर्वोच्च ट्युरिंग पुरस्कार मिळाला. ज्या व्यवसायाची सरकारी कागदावर नोंद होत नव्हती, त्याच व्यवसायाने १५ वर्षांनी त्यांना हा मान दिला. १९८४ ते १९९९ त्यांनी अमेरिकेत ऑस्टिन येथे अध्यापन केले. संगणकाचे हे पंडित स्वतः मात्र फाउंटन पेनने लिहीत. त्यांची अशी १३०० हून अधिक क्रमांकित टिपणे सहकाऱ्यांमध्ये हातोहात फिरत. ६ ऑगस्ट २००२ रोजी हॉलंडमधील न्यूनेन येथे कर्करोगाने त्यांचे निधन झाले.

मित्रहो, प्रोग्राम चालला म्हणजे तो बरोबर आहे, असे डाइक्स्ट्रा मानत नसत. चाचणीत चूक सापडली तर चूक आहे एवढे कळते. सापडली नाही म्हणून ती नाहीच, असे ठरत नाही. म्हणून कळफलकाला हात लावण्यापूर्वी वहीत पायऱ्या मांडा, आणि दुसऱ्याला वाचून समजेल असे लिहा. गणिताची वही असो वा निबंध, ही सवय तिथेही उपयोगी पडेल.