चित्रकार आबालाल रहिमान

विद्यार्थ्यांनो, मोटारीवर किंवा मोठ्या फलकावर एअरब्रशने काढलेले चित्र तुम्ही कदाचित पाहिले असेल. त्यात कुंचल्याचा फटकारा दिसत नाही. गडद रंग हळूहळू फिका होत जातो. एअरब्रश म्हणजे पेनासारखे हातात धरायचे छोटे यंत्र. ते हवेच्या दाबाने रंगाचा बारीक फवारा सोडते. असे यंत्र मिळाले की आपणही चित्रकार होऊ, असे तुम्हाला वाटेल. पण हात आणि नजर तयार नसेल, तर एकटे यंत्र काय करणार? हात आणि नजर कशी तयार होते, हे कोल्हापूरच्या एका थोर चित्रकाराच्या जीवनातून कळते. त्यांचे नाव आबालाल रहिमान.

आबालाल यांचा जन्म १८६० च्या सुमारास कोल्हापुरात झाला. त्यांच्या घराण्यात कुराणाच्या प्रती हाताने लिहिण्याची परंपरा होती. सुंदर अक्षर एका दिवसात येत नाही, हे तुम्हाला माहीत आहे. कातिब आधी बोरूने ठिपका काढायला शिकतो. त्या ठिपक्याला तुम्ही नुक्ता म्हणता. अलिफ किती उंच असावा आणि बे किती लांब असावी, हे नुक्त्यांनीच मोजतात. एकच अक्षर शेकडो वेळा लिहावे लागते. त्याला उर्दूत मश्क म्हणतात, तर मराठीत सराव. अशा घरात आबालाल लहानाचे मोठे झाले.

त्यांना भाषांचीही आवड होती. ते फारसी, अरबी आणि संस्कृत शिकले. असे सांगतात, की कोल्हापुरातील एका इंग्रज अधिकाऱ्याच्या घरी ते भाषा शिकवायला जात. तेथे त्यांच्या चित्रकलेची पारख झाली आणि मुंबईला जाऊन शिकण्याची वाट मोकळी झाली.

मुंबईत सर जे. जे. स्कूल ऑफ आर्ट ही १८५७ साली सुरू झालेली प्रसिद्ध कलाशाळा आहे. आबालाल तेथे दाखल झाले. त्या काळी तेथे विद्यार्थ्याच्या हाती लगेच रंग देत नसत. आधी पेन्सिल, कोळसा आणि कागद. प्लॅस्टरचे पुतळे समोर ठेवून त्यांची हुबेहूब चित्रे काढावी लागत. उजेड कोठून येतो, सावली कोठे गडद होते आणि कोठे विरते, हे तासन् तास पाहावे लागे. हे काम कंटाळवाणे वाटेल, पण आबालाल यांनी ते मनापासून केले. बारीक ठिपक्यांनी आणि रेघांनी ते छायाप्रकाश इतका सुरेख दाखवत, की कागदावरचा पुतळा उठून दिसे. या मेहनतीबद्दल त्यांना व्हाइसरॉयचे सुवर्णपदक मिळाले.

शिक्षण संपल्यावर ते मुंबईत राहिले नाहीत. ते कोल्हापूरला परतले. राजर्षी शाहू महाराजांनी त्यांना दरबारचे चित्रकार नेमले. महाराजांना शिकारीचा शौक होता. आबालाल यांनी शिकारीचे प्रसंग रंगवले. मात्र त्यांचे मन रमले ते निसर्गात. रंकाळा तलाव, त्यातील दगडी संध्यामठ, पंचगंगेचा काठ ही ठिकाणे त्यांनी पुन्हा पुन्हा रंगवली. एकच जागा सकाळी वेगळी, दुपारी वेगळी आणि पावसाळ्यात आणखी वेगळी दिसते. हा फरक टिपणे हाच त्यांचा रोजचा अभ्यास होता. जवळ पैसा फारसा नव्हता. झाडपाला आणि दगड यांपासून ते स्वतः रंग तयार करत, असे सांगतात. पुढे रंगांचे लहान लहान ठिपके शेजारी शेजारी देऊन ते पाणी आणि प्रकाश रंगवू लागले.

६ मे १९२२ रोजी शाहू महाराजांचे निधन झाले. आबालाल यांचा आधार गेला. त्या दुःखात त्यांनी आपली हजारो चित्रे स्वतःच नष्ट केली, असे सांगितले जाते. आयुष्यभराची मेहनत गेली! २८ डिसेंबर १९३१ रोजी ते वारले. आज त्यांची थोडीच चित्रे उरली आहेत. त्यांपैकी काही कोल्हापूरच्या टाऊन हॉल संग्रहालयात आहेत. चित्रे गेली, पण त्यांनी लावलेले वळण राहिले. बाबूराव पेंटर यांच्यासारख्या कोल्हापूरच्या पुढील कलावंतांनी त्यांच्यापासून स्फूर्ती घेतली.

आता पुन्हा एअरब्रशकडे वळू. तेथेही पहिला धडा ठिपक्याचाच असतो. अनेक एअरब्रशमध्ये बटण खाली दाबले की हवा येते आणि मागे ओढले की रंग येतो. बोटाला ही सवय लागेपर्यंत रद्दी कागदावर एकसारखे ठिपके काढावेत. मग सरळ रेघा काढाव्यात. यंत्र कागदाजवळ धरले, तर रेघ बारीक येते. दूर नेले, तर रंग पसरतो आणि छटा मऊ होते. हात मध्येच थांबला, तर रंग ओघळतो. शेवटी गडदपासून फिक्यापर्यंत एक पट्टा रंगवावा. रंग दुधासारखा पातळ हवा. नाकातोंडावर मास्क हवा. काम संपताच यंत्र धुवावे, नाहीतर रंग वाळून तोंड बंद होते.

यंत्र नसले, तरी अडत नाही. समजा, तुम्ही यवतमाळ जिल्ह्यातील बाभुळगावात राहता. रंकाळा तुमच्यापासून फार लांब आहे. पण बेंबळा धरणाचे पाणी तुमच्याच तालुक्यात आहे. घरात मातीचा माठ आहे. खिडकीजवळ माठ ठेवा. पेन्सिल घ्या. सावली कोठे सुरू होते आणि कोठे विरते, ते पाहा आणि कागदावर उतरवा. उद्या तोच माठ पुन्हा काढा. परवाही काढा. आबालाल यांनी एवढेच केले. फक्त ते आयुष्यभर केले.

स्वाध्याय
१. आबालाल यांच्या घराण्यात कोणती परंपरा होती?
२. कलाशाळेत रंगांच्या आधी काय शिकवत असत?
३. एकच जागा आबालाल पुन्हा पुन्हा का रंगवत?
४. कातिबाचा नुक्ता आणि एअरब्रशचा ठिपका यांत कोणते साम्य आहे? चार ओळींत लिहा.
५. घरातील एक वस्तू सलग सात दिवस काढा. पहिले आणि सातवे चित्र शेजारी ठेवून फरक सांगा.