क्रिस्टियान हायगेन्स

क्रिस्टियान हायगेन्स यांचा जन्म १४ एप्रिल १६२९ रोजी हॉलंडमधील हेग येथे झाला. वडील कॉन्स्टंटाइन हे कवी व मुत्सद्दी असून तत्त्ववेत्ते देकार्त यांचे स्नेही होते. देकार्त यांच्या विचारांचा दबदबा असलेल्या वातावरणात हा मुलगा वाढला, आणि टकरींविषयीचे देकार्त यांचे बहुतेक नियम चुकीचे आहेत हे त्यानेच ओळखले.

मोठी वस्तू स्थिर असेल, तर लहान वस्तू कितीही वेगाने आदळली तरी ती हलणार नाही, असे देकार्त मानीत. गुरू व्हान स्कूटेन यांना आपल्या शिष्याने या वादात पडणे रुचले नाही. तरीही १६५६ च्या सुमारास हायगेन्स यांचा प्रबंध सिद्ध झाला. त्यातील युक्ती हॉलंडच्या कालव्यांत शोभणारी आहे. संथ चाललेल्या नावेतील मनुष्य दोऱ्यांना टांगलेले दोन समान, कठीण गोल सारख्या वेगाने एकमेकांवर आदळवतो; ते त्याच वेगाने मागे फिरतात. नावेचा वेग एका गोलाच्या वेगाइतकाच असेल, तर काठावरून पाहणाऱ्याला एक गोल स्थिर आणि दुसरा दुप्पट वेगाने येताना दिसतो. टकरीनंतर येणारा थांबतो व स्थिर असलेला तोच वेग घेऊन निघतो. (आपल्या गोट्यांच्या खेळात नेम नेमका बसला की हेच घडते.) केवळ पाहणाऱ्याची जागा बदलून नियम हाती आला!

दिशा लक्षात घेतली तरच एकूण संवेग कायम राहतो, हे त्यांनी दाखविले. वस्तुमान व वेगाचा वर्ग यांच्या गुणाकारांची बेरीजही अशा टकरीत बदलत नाही. वर्ग का? पडणाऱ्या वस्तूच्या वेगाचा वर्ग उंचीच्या प्रमाणात वाढतो, हे गॅलिलिओंनी सांगितले होते. आणि वस्तूंचा समाईक गुरुत्वमध्य आपोआप वर चढत नाही, ही हायगेन्स यांची श्रद्धा होती. हेच सूत्र त्यांनी लंबकाच्या अभ्यासातही वापरले. लंबकाचे घड्याळ त्यांनी १६५६ मध्येच सिद्ध केले होते. त्यावरील ग्रंथ १६७३ मध्ये निघाला.

१६६८ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीने टकरींचे नियम मागविले. वॉलिस, रेन व हायगेन्स यांनी ते पाठविले. छापले गेले पहिल्या दोघांचे. हायगेन्स दुखावले व १६६९ मध्ये त्यांनी आपले नियम पॅरिसमध्ये प्रसिद्ध केले. ८ जुलै १६९५ रोजी हेग येथे त्यांचे निधन झाले. मूळ प्रबंध छापून निघाला तो १७०३ मध्ये.