वाद्यांचा पारखी : योहान सेबास्टियान बाख

संगणकावर संगीतरचना करू पाहणाऱ्या आजच्या विद्यार्थ्यास वाद्यांची वाण नाही. ज्यांस सॉफ्टवेअर सिंथेसायझर म्हणतात अशी, लाकडाची अथवा धातूची नव्हे तर निव्वळ गणिताची बनलेली वाद्ये त्यास हवी तितकी मिळतात, आणि त्यांतील कोणते आपले मानावे हाच त्याच्यापुढील पहिला प्रश्न होऊन बसतो. अशा पुष्कळ वाद्यांच्या चित्रात एका कळीभोवती ३२, १६, ८, ४, २ असे आकडे लिहिलेले आढळतात. हे आकडे फुटांचे होत. ज्या वाद्यास लांबी नाही की रुंदी नाही, त्यावर फुटांची मापे कशासाठी, असे नवशिक्यास वाटणे साहजिक आहे. १९७० साली निघालेल्या मिनीमूग नामक विद्युत्-वाद्यावर ही मापे होती. त्यापूर्वी १९३५ साली विक्रीस आलेल्या हॅमंड ऑर्गनच्या दांड्यांवरही ती होती. आणि त्या दोहोंनीही ती युरोपातील उपासनामंदिरांत शतकानुशतके वाजत आलेल्या नळ्यांच्या ऑर्गनपासून उसनी घेतली.

आपल्या नाटकमंडळ्यांत ज्यास ऑर्गन म्हणत, ते पायांनी भाता हालवून वाजवावयाचे, पेटीच्याच जातीचे वाद्य. नळ्यांचा ऑर्गन हे निराळेच प्रकरण आहे. त्यात शेकडो, कधी हजारो नळ्या ओळींनी उभ्या केलेल्या असतात, व मोठमोठ्या भात्यांतील वारा त्यांत सोडला जातो. ज्या ओळीतील सर्वांत खालचा षड्ज सुमारे आठ फूट लांबीच्या उघड्या नळीतून निघतो, ती आठ फुटी ओळ. चार फुटी ओळ तीच पट्टी दाबली असता एक सप्तक वर बोलते, व सोळा फुटी एक सप्तक खाली. वादक खटके ओढून कोणत्या ओळींनी बोलावयाचे ते ठरवितो. काही ओळी तर मुद्दाम पंचमात अथवा अन्य स्वरांत बोलणाऱ्या असतात. त्या मूळ स्वरात अशा मिसळतात की कानास दोन स्वर न भासता एकच नवा नाद भासतो. थोडे अधिक एक घालून व थोडे उणे दुसरे करून नवा नाद घडविणे हे जे सिंथेसायझरचे काम, ते या वाद्यात विजेवाचून चालत असे. १९६८ साली मूग सिंथेसायझर हे वाद्य ज्या ध्वनिमुद्रिकेमुळे घरोघरी पोहोचले तीवर बाखच्याच रचना वाजविलेल्या होत्या, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे. त्या बाखने वाद्ये कशी पारखली व त्यांतील कोणती त्याच्या वाट्यास आली, याची हकीकत येथे द्यावयाची आहे.

योहान सेबास्टियान बाख याचा जन्म जर्मनीतील थुरिंगिया प्रांतात आयझेनाख या गावी १६८५ च्या मार्च महिन्यात झाला. घराणे पिढीजात वादकांचे. बाप गावचा नेमलेला वादक. मुलास दहावे वर्ष पुरे होण्यापूर्वीच आईबाप दोघेही निवर्तले, व ओर्ड्रुफ येथे ऑर्गनवादक असलेल्या थोरल्या भावाने त्यास आपल्या घरी नेले. भावाच्या कपाटात त्या काळच्या नामांकित वादकांच्या रचनांची एक वही होती. ती मुलाच्या हाती देण्यास भाऊ राजी नव्हता. कपाटास जाळीचे दार होते; मुलाचा चिमुकला हात त्यातून आत जाई. रात्री सर्वत्र सामसूम झाली म्हणजे वही गुंडाळून बाहेर काढावी व चांदण्यात उतरवून घ्यावी, असा क्रम सहा महिने चालला. नक्कल पुरी झाली, भावाच्या दृष्टीस पडली व जप्त झाली. बाखच्या मृत्यूनंतर त्याच्या मुलाने व शिष्याने मिळून लिहिलेल्या चरित्रलेखात ही गोष्ट आली आहे.

पंधराव्या वर्षी तो ल्यूनेबुर्ग येथील शाळेत गेला. तेथून हॅम्बुर्गपर्यंत पायी जाऊन संत कॅथरिनच्या मंदिरातील चार पट्टी-फलकांचा प्रचंड ऑर्गन व त्यावरील वृद्ध वादक राइंकेन यांस तो ऐकून येई. १७०३ साली आर्नश्टाट येथे नवा ऑर्गन उभा राहिला, तो तपासण्यास पंचांनी बोलाविले ते या अठरा वर्षांच्या पोरास! तपासणी इतकी पसंत पडली की त्या ऑर्गनवर त्याचीच नेमणूक झाली. दोन वर्षांनी त्याने चार आठवड्यांची रजा काढली व सुमारे अडीचशे मैल पायपीट करून ल्यूबेक येथे बुक्स्टेहूडे या थोर वादकास ऐकावयास गेला. परत आला तो चार महिन्यांनी. पंचांनी त्यास समोर उभे करून जाब विचारला; शिवाय स्तोत्रगीतांच्या साथीत तो असे काही अपरिचित स्वर मिसळतो की मंडळीचा गोंधळ उडतो, अशीही तक्रार नोंदविली. पंचांचेही अगदीच चुकले असे म्हणवत नाही.

१७०७ साली तो म्यूलहाउझेन येथे गेला. तेथील जुना ऑर्गन दुरुस्त करण्याची जी योजना त्याने १७०८ च्या आरंभी लिहून दिली ती आजही वाचावयास मिळते, व तीवरून हा तरुण कसा विचार करी ते कळते. नव्या नादांची मागणी करण्यापूर्वी तो वाऱ्याची मागणी करतो : तीन नवे भाते हवेत, कारण वारा अपुरा पडला तर नळ्या वाढवून उपयोग नाही. त्यानंतर बत्तीस फुटी खर्जाची ओळ, जेणेकरून सबंध वाद्यास पाया मिळेल. मंडळीतील काहींना पायांनी वाजवावयाच्या सव्वीस घंटांची हौस होती, तीही त्याने योजनेत सामावून घेतली. परंतु हे काम पुरे होण्यापूर्वीच वायमारच्या राजदरबारात त्यास अधिक चांगली जागा मिळाली व तो निघून गेला. आपण सुधारलेले वाद्य दुसऱ्याच्या हाती ठेवून पुढे जाण्याचा हा पहिला प्रसंग.

वायमार येथील नऊ वर्षांत त्याच्या ऑर्गनवरील बहुतेक श्रेष्ठ रचना झाल्या, आणि पारखी म्हणूनही त्याचे नाव दूरवर गेले. त्याची तपासणीची रीत ठरलेली असे. प्रथम तो सर्व खटके एकदम ओढून दोन्ही हातांनी व दोन्ही पायांनी वाद्य पुऱ्या जोराने वाजवी, आणि विनोदाने म्हणे की या वाद्याची फुप्फुसे कशी आहेत ते आधी पाहिले पाहिजे. ऑर्गन बांधणारे कारागीर त्या वेळी फिके पडत असत म्हणतात. मग एकेका ओळीची, एकेका नळीची पाहणी होई. तो कठोर होता, पण एकतर्फी नव्हता. कारागिराचे काम उत्तम व ठरलेली रक्कम तोकडी आहे असे दिसले, तर ती वाढवून देण्याविषयी तो पंचांपाशी रदबदली करी, व कित्येकदा त्यास यशही येई. १७१६ साली हाले येथील मोठा ऑर्गन त्याने व अन्य दोघा वादकांनी तपासला, तेव्हा गावाने परीक्षकांना दिलेल्या मेजवानीचा तपशील कागदोपत्री राहून गेला आहे : गोमांस, मासे, भाजलेले मेंढ्याचे व वासराचे मांस, वाटाणे, पालक, शतावरी, मुळे, ताजे लोणी! तपासणीही तितक्याच बारकाईने झाली असेल अशी आशा करू या.

स्वतः वाजविताना मात्र त्याची खटके ओढण्याची पद्धत इतकी निराळी असे की, शेजारी उभे राहिलेले वादक व कारागीर घाबरून जात. या ओळी एकत्र करू नयेत असा त्यांचा नियम. त्या एकत्र ओढल्यावर जो नाद निघे तो ऐकून त्यांना आपला नियम गिळावा लागे. ही हकीकत त्याच्या मुलाने, कार्ल फिलिप एमानुएल याने, १७७४ साली कळविली.

१७१७ साली बाखने क्योथेनच्या राजपुत्राची चाकरी पत्करली. वायमारच्या धन्यास हे रुचले नाही. त्याने बाखला जवळजवळ चार आठवडे अटकेत ठेवले व मग नाराजीने मोकळे केले. क्योथेनच्या दरबाराच्या धर्मपंथात उपासनेच्या वेळी डौलाचे संगीत नसे; म्हणून तेथे ऑर्गनला वाव नव्हता. मालक रसिक होता, तेव्हा दुसरी वाद्ये आली. १७१९ साली बर्लिनच्या मीटके नामक कारागिराचा हार्पसिकॉर्ड आणण्यास बाख स्वतः गेला. वाद्याची किंमत व प्रवासखर्च मिळून १३० टालर दरबाराने दिले. या वाद्यात तारा पिसाच्या काडीने छेडल्या जातात. तोवर तो साथीस मागे बसत असे. पण बाखच्या पाचव्या ब्रांडेनबुर्ग कन्सर्टोत तो अकस्मात पुढे येतो व इतर सर्व वाद्यांना गप्प करून दीर्घकाळ एकटाच बोलतो. अनेक विद्वान त्याचा संबंध बर्लिनहून आलेल्या या नव्या वाद्याशी जोडतात.

१७२० च्या उन्हाळ्यात तो मालकाबरोबर परगावी असता त्याची पत्नी मारिया बार्बारा मरण पावली. घरी परतल्यावरच त्यास हे कळले. त्याच साली हॅम्बुर्ग येथील संत याकोबाच्या मंदिरात वादकाची जागा रिकामी झाली. तेथील ऑर्गन श्निटगर या विख्यात कारागिराने १६९३ साली पुरा केलेला. चार पट्टी-फलक व साठ ओळी. असे वाद्य बाखच्या हाताखाली कधीच आले नव्हते. तो हॅम्बुर्गला गेला. संत कॅथरिनच्या मंदिरात त्याने दोन तासांहून अधिक वेळ वाजविले, व एका स्तोत्रगीतावर अर्धा तास आयत्या वेळी विस्तार केला. बालपणी ज्यास ऐकावयास तो पायी येत असे तो राइंकेन समोर बसला होता. ही विद्या आपल्याबरोबरच लोपणार अशी त्या वृद्धाची समजूत होती. ती त्या दिवशी दूर झाली.

जागा मात्र मिळाली नाही. मालकाचे बोलावणे आल्यामुळे बाख परीक्षेपूर्वीच परतला. तथापि पंच त्याच्या उत्तराची वाट पाहत होते. अखेर नेमणूक झाली ती हाइटमान नामक इसमाची, आणि त्याने मंदिराच्या तिजोरीत ४००० मार्क भरले. तेथील पाळक नॉयमाइस्टर यास हे इतके लागले की येत्या नाताळच्या उपदेशात त्याने मंडळीस ऐकविले : बेथलेहेमच्या देवदूतांपैकी एखादा स्वर्गातून उतरून या जागेसाठी दिव्य वादन करू लागला, तरी खिशात पैसे नसतील तर त्याला आल्या वाटेने उडून जावे लागेल.

१७२३ पासून मरेपर्यंत, म्हणजे सत्तावीस वर्षे, बाख लाइप्त्सिग येथे संत थॉमसच्या शाळेचा कँटर होता. मुलांना गाणे शिकविणे व मंदिरांतील संगीताची व्यवस्था पाहणे हे त्याचे काम. तेथील ऑर्गनांवर दुसरे पगारी वादक होते. ज्याच्या शब्दावर जर्मनीतील कारागिरांची प्रतिष्ठा अवलंबून असे, त्याच्या नित्याच्या वापरात खरोखर मोठा व सुंदर असा एकही ऑर्गन कधी नव्हता, आणि याची खंत तो बोलून दाखवी असे वर सांगितलेल्या चरित्रलेखात नमूद आहे. १७४६ साली नाउम्बुर्ग येथील ५३ ओळींचा, हिल्डेब्रांट या कारागिराचा नवा ऑर्गन त्याने तपासला. तो आजही वाजतो. बाखला तो तपासणीपुरताच लाभला.

घरी मात्र त्याचे प्रयोग चालू असत. सुमारे १७४० साली त्याने त्याच हिल्डेब्रांटकडून आपल्या कल्पनेप्रमाणे एक विलक्षण वाद्य करविले : पट्ट्या हार्पसिकॉर्डच्या, पण तारा मुख्यतः तातीच्या. त्यातून ल्यूट या हाती छेडावयाच्या तंतुवाद्याचा नाद निघे, व तो इतका हुबेहूब की आडून वाजविले असता ल्यूटवाल्यांचीही फसगत होई. एका वाद्याच्या पोटातून दुसऱ्याचा आवाज काढण्याची ही हौस अलीकडची आहे असे आमच्यातील कित्येकांस वाटते, म्हणून हे सांगितले.

झिल्बरमान हा ऑर्गन बांधणाऱ्यांत त्या काळी अग्रगण्य होता. त्याने इटलीत निघालेल्या पियानो या वाद्याचे दोन नमुने तयार केले. हार्पसिकॉर्डवर बोट हलके टाका की जोराने, स्वर सारखाच निघतो. पियानोत हातोडीचा आघात असल्याने नादाचा चढउतार बोटांच्या अधीन राहतो. बाखने ते वाद्य वाजवून पाहिले. नादाची त्याने वाखाणणी केली. परंतु वरच्या सप्तकातील स्वर दुबळे आहेत व पट्ट्या फार जड आहेत, हेही त्याने सांगितले. झिल्बरमानला राग आला व तो पुष्कळ दिवस टिकला. पण तो खरा कारागीर होता : दोष नाहीसे होईतो वाद्य विकावयाचे नाही असे ठरवून तो वर्षानुवर्षे त्यावर खपला. सुधारलेला पियानो पुन्हा बाखपुढे आला तेव्हा बाखने त्यास पूर्ण पसंती दिली. प्रशियाचा राजा फ्रेडरिक याने असे अनेक पियानो घेतले, आणि मे १७४७ मध्ये पॉट्सडाम येथील राजवाड्यात राजाने दिलेल्या स्वरावलीवर बाखने जागच्या जागी तीन अंगांचा फ्यूग वाजविला तो याच वाद्यावर. १७४९ साली एका पोलिश सरदारास पियानो विकण्याच्या व्यवहारात त्याने मध्यस्थीही केली. आमच्या मते त्या पहिल्या नमुन्याची भिडेखातर स्तुती झाली असती, तर या वाद्याचे पाऊल तेथेच अडले असते.

१७५० च्या वसंतात एका इंग्रज वैद्याने बाखच्या डोळ्यांवर दोनदा शस्त्रक्रिया केली. दृष्टी गेली, प्रकृती ढासळली, व २८ जुलै रोजी त्याचा अंत झाला. मागे राहिलेल्या जिनगीची यादी करण्यात आली. तीत एक उत्तम हार्पसिकॉर्ड ८० टालरांचा, आणखी चार त्याहून कमी किमतीचे, तातीच्या तारांची ती ल्यूटसारखी वाद्ये दोन, प्रत्येकी ३० टालर, एक छोटा स्पिनेट ३ टालरांचा, काही व्हायोलिने व एक ल्यूट अशी नोंद आहे. पायपट्ट्यांसह तीन क्लावीर बापाने आपल्या हयातीतच धाकट्या मुलास देऊन टाकले होते. योहान क्रिस्टियान हे त्याचे नाव. बाप गेला तेव्हा तो चौदा वर्षांचा होता. पुढे तो लंडनला जाऊन राहिला, आणि १७६८ साली त्या शहरातील जाहीर बैठकीत एकट्या पियानोवर वादन करून दाखविणारा पहिला वादक तोच ठरला.