साने गुरुजी आणि मुलांचीं पुस्तकें

मुलांच्या हातीं कोणतीं पुस्तकें द्यावींत, हा प्रश्न आईबाप व शिक्षक या दोघांपुढेंही नेहमींच उभा असतो. त्याचें उत्तर ज्यांनीं आपल्या लेखणीनें दिलें, त्या कै. पांडुरंग सदाशिव साने ऊर्फ साने गुरुजी यांचें अल्प चरित्र आम्ही येथें देत आहों.

गुरुजींचा जन्म 24 डिसेंबर 1899 रोजीं रत्नागिरी जिल्ह्यांतील पालगड या गांवीं झाला. घराणें एके काळीं सुखवस्तु होतें. परंतु गुरुजींच्या बालपणीं तेथें दारिद्र्य आलें. मातोश्री यशोदाबाई यांनीं त्या दारिद्र्यांतही मुलास जें वळण लाविलें, तेंच पुढें त्यांच्या लेखनाचें भांडवल झालें. औंध व पुणें येथें हालअपेष्टा सोशीत त्यांनीं विद्या संपादन केली आणि 1924 सालीं ते खानदेशांत अमळनेर येथील हायस्कुलांत शिक्षक झाले. वसतिगृहांतील मुलांसाठीं ते स्वहस्तें एक दैनिक लिहून काढीत. 1928 सालीं त्यांनीं 'विद्यार्थी' हें मासिकही सुरू केलें.

1930 सालीं नोकरी सोडून ते सत्याग्रहांत पडले व त्यांस कारावास घडला. त्रिचनापल्लीच्या तुरुंगांत त्यांस परभाषिक बांधवांचा सहवास लाभला. आपल्याच देशांतील भाषा आपणांस येत नाहींत, ही खंत त्यांच्या मनांत तेथें रुजली. तमिळ भाषेंतील 'कुरल' या ग्रंथाचा त्यांनीं पुढें मराठी अनुवाद केला. नाशिकच्या तुरुंगांत 1933 च्या फेब्रुवारींत अवघ्या कांहीं दिवसांत त्यांनीं 'श्यामची आई' लिहिली. तींत राजा नाहीं, परी नाहीं. एका गरीब घरची आई व तिचा मुलगा आहे. आपल्यासारख्या घराचीही गोष्ट होऊं शकते, हें असंख्य मुलांस त्या पुस्तकानें प्रथम दाखविलें.

परंतु स्वतःचें घर दाखवून गुरुजी थांबले नाहींत. 'गोड गोष्टी' या मालेच्या दहा भागांत त्यांनीं परदेशच्या कथाही मुलांच्या अंगणांत आणिल्या. जॉर्ज एलियट या इंग्रज लेखिकेनें रंगविलेला विणकर त्यांच्या मराठींत 'मनूबाबा' झाला. इराणांतील पितापुत्रांची करुण कथा 'सोराब नि रुस्तुम' या नांवानें आली. 'इस्लामी संस्कृति' हा ग्रंथ त्यांनीं आदरपूर्वक लिहिला. पुतणीस लिहिलेल्या 'सुंदर पत्रें' या पुस्तकांत तर सृष्टीपासून देशाच्या कारभारापर्यंत सारे विषय आहेत. मुलीस एवढें कळून काय करावयाचें, हा विचार त्यांस शिवलाही नाहीं.

जें लिहिलें, तेंच त्यांनीं आचरिलें. पंढरपूरचें विठ्ठलमंदिर अस्पृश्य मानिलेल्या बांधवांस खुलें व्हावें म्हणून मे 1947 मध्यें त्यांनीं उपोषण केलें व मंदिराचीं दारें उघडलीं. 15 ऑगस्ट 1948 रोजीं त्यांनीं 'साधना' साप्ताहिक काढिलें. प्रांताप्रांतांच्या भाषा परस्परांनीं शिकाव्या, या हेतूनें 'आंतरभारती'ची कल्पनाही त्यांनीं मांडिली. 11 जून 1950 रोजीं मुंबईस त्यांचें देहावसान झालें.

गुरुजींचें लिखाण फार रडवितें, असा आक्षेप घेतला जातो. तो अगदींच निराधार नाहीं. परंतु त्यांचीं मुलें रडून स्वस्थ बसत नाहींत, हें 'धडपडणारीं मुलें' या नांवावरूनच दिसतें. दुसऱ्याच्या दुःखानें डोळे ओले होणें हा दुबळेपणा नव्हे, असें आम्हांस वाटतें.

आमच्या नगरास या चरित्राचें विशेष अगत्य असावें. आजचें छत्रपति संभाजीनगर म्हणजे पूर्वींचें औरंगाबाद. सप्टेंबर 1948 पर्यंत तें निजामाच्या राज्यांत होतें आणि तेथील उच्च शिक्षणाची भाषा उर्दू होती. येथल्या मराठी मुलास आपली भाषा शाळेंत दुरावणें म्हणजे काय, हें आमच्या वाडवडिलांनीं अनुभविलें आहे. आज येथें मराठी व उर्दू बोलणारीं घरें शेजारीं शेजारीं आहेत. एकाच घराचें चित्र पाहून वाढलेल्या मुलास शेजारचें घर परकें वाटतें. आणि ज्याचें घर कोणत्याच पुस्तकांत नाहीं, तें मूल स्वतःसच कमी लेखूं लागतें. म्हणून ग्रंथालयांत जातांना आमच्या विद्यार्थ्यांनीं व विद्यार्थिनींनीं 'श्यामची आई' अवश्य घ्यावी. पण ती परत करितांना 'सोराब नि रुस्तुम' मागावयास विसरूं नये.