स्वामी कुवलयानंद

स्वामी कुवलयानंद (मूळ नाव: जगन्नाथ गणेश गुणे, जन्म: डभोई, गुजरात, ३० ऑगस्ट, १८८३, मृत्यू: १८ एप्रिल, १९६६) हे मराठी योगाभ्यासक, शिक्षक आणि संशोधक होते. आसने, प्राणायाम व शुद्धिक्रिया यांचा शरीरावर होणारा परिणाम उपकरणांच्या साहाय्याने मोजण्याचे काम भारतात ज्यांनी प्रथम पद्धतशीरपणे हाती घेतले, त्यांत त्यांची गणना होते. १९२४ मध्ये त्यांनी लोणावळा येथे कैवल्यधाम ही संस्था स्थापन केली. मुंबईहून पनवेल व खोपोली ओलांडून बोरघाट चढून गेल्यावर लागणारे हे गाव त्यांच्यामुळे योगसंशोधनाचे केंद्र म्हणून ओळखले जाऊ लागले.

प्रारंभिक जीवन व शिक्षण

गुणे यांनी १९०३ मध्ये मॅट्रिकची परीक्षा उत्तीर्ण केली. संस्कृतातील प्रावीण्याबद्दल त्यांना जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती मिळाली. पुढील शिक्षण त्यांनी बडोदे व मुंबई येथे घेतले. बडोदे महाविद्यालयात त्या काळी अरविंद घोष अध्यापन करीत होते. त्यांच्या विचारांचा आणि लोकमान्य टिळकांच्या राजकारणाचा तरुण गुणे यांच्यावर खोल परिणाम झाला. आजन्म ब्रह्मचारी राहून लोकसेवा करण्याचा निश्चय त्यांनी विद्यार्थिदशेतच केला.

१९०७ ते १९१० या काळात त्यांनी बडोद्यातील जुम्मादादा व्यायामशाळेत राजरत्न माणिकराव यांच्या हाताखाली देशी व्यायामपद्धतीचे शिक्षण घेतले. कुस्ती, लाठी यांसारख्या प्रकारांत शरीर कसे घडते, याचा अनुभव त्यांनी या काळात घेतला. पुढे योगाभ्यासाची इतर व्यायामांशी तुलना करताना ही पार्श्वभूमी त्यांना उपयोगी पडली.

१९१६ च्या सुमारास ते अमळनेर येथे खानदेश एज्युकेशन सोसायटीच्या कार्यात सहभागी झाले. तेथील राष्ट्रीय महाविद्यालयाचे ते प्राचार्यही होते. राष्ट्रीय विचारांमुळे या महाविद्यालयावर ब्रिटिश सरकारची वक्रदृष्टी वळली आणि ते बंद पडले.

माधवदास महाराजांचे मार्गदर्शन

१९१९ मध्ये नर्मदाकाठच्या मालसर येथे परमहंस माधवदास यांच्याशी त्यांची भेट झाली. मूळचे बंगालचे असलेले माधवदास उतारवयात मालसर येथे स्थायिक झाले होते. मुंबईत १९१८ मध्ये योग संस्था स्थापन करणारे श्रीयोगेंद्र हेही त्यांचेच शिष्य होत. गुणे यांनी त्यांच्याकडून हठयोगातील क्रियांचे प्रत्यक्ष शिक्षण घेतले. १९२१ मध्ये माधवदासांचे निधन झाले.

या शिक्षणातून गुणे यांच्यापुढे एक प्रश्न उभा राहिला. योगक्रियांच्या फलांविषयी परंपरेत मोठमोठे दावे केलेले होते. आधुनिक शिक्षण घेतलेला वर्ग त्यांवर विश्वास ठेवण्यास तयार नव्हता, आणि श्रद्धाळू वर्गाला ते तपासून पाहण्याची आवश्यकता वाटत नव्हती. हे दावे शरीरशास्त्राच्या कसोटीवर तपासावेत, या हेतूने त्यांनी १९२०-२१ च्या सुमारास बडोद्याच्या सरकारी रुग्णालयात क्ष-किरणांच्या साहाय्याने उड्डियान व नौली या क्रियांचे निरीक्षण केले. या प्रयोगांमुळे योगाचा शास्त्रीय अभ्यास शक्य आहे, अशी त्यांची खात्री पटली.

कैवल्यधाम व संशोधन

ऑक्टोबर १९२४ मध्ये कैवल्यधामची स्थापना झाली आणि त्याच सुमारास 'योगमीमांसा' हे इंग्रजी त्रैमासिक सुरू झाले. प्रयोगांचे अहवाल, त्यांचे सुबोध विवरण आणि सर्वसामान्य अभ्यासकासाठी प्रत्यक्ष मार्गदर्शन असे तिन्ही प्रकारचे लेखन त्यात येत असे.

नौली करताना मोठ्या आतड्यातील दाब बाहेरील हवेच्या दाबापेक्षा कमी होतो, हे दाबमापकाने दाखवून देणे हा त्यांच्या आरंभीच्या महत्त्वाच्या प्रयोगांपैकी एक होय. बस्तिक्रियेत पाणी आत कसे ओढले जाते, याचे स्पष्टीकरण त्यामुळे मिळाले. या निर्वाताला त्यांनी आपल्या गुरूंचे नाव दिले. शीर्षासन, सर्वांगासन व मत्स्यासन यांचा रक्तदाबावर होणारा परिणामही त्यांनी मोजला.

प्रयोगाचा निष्कर्ष प्रचलित समजुतीच्या विरुद्ध गेला तरी तो मांडण्यास ते कचरले नाहीत. प्राणायामामुळे शरीराला नेहमीपेक्षा फार अधिक प्राणवायू मिळतो आणि तोच त्याचा मुख्य लाभ आहे, असे मानले जात होते. श्वासोच्छ्वासाच्या मापनानंतर कुवलयानंदांनी या समजुतीला आधार नसल्याचे प्रतिपादन केले. प्राणायामाचे महत्त्व त्यांनी नाकारले नाही, परंतु ते मज्जासंस्थेवरील परिणामात शोधावे, असे त्यांचे मत होते.

आसने व स्नायुबल

आसनांचे त्यांनी शरीरसंवर्धनात्मक व ध्यानात्मक असे दोन मुख्य वर्ग मानले. व्यायामाचे ध्येय केवळ स्नायू पुष्ट करणे हे नसून पाठीचा कणा लवचीक राखणे आणि मज्जासंस्था, अंतःस्रावी ग्रंथी व पचनेंद्रिये कार्यक्षम ठेवणे हे असावे, अशी त्यांची भूमिका होती.

आसनात शरीर एका स्थितीत स्थिर धरले जाते. त्यामुळे वरवर पाहता ते आयसोमेट्रिक व्यायामासारखे, म्हणजे स्नायूंची लांबी न बदलता ताण धरून ठेवण्याच्या व्यायामासारखे, दिसते. भिंतीला पाठ टेकवून अधांतरी बसणे किंवा कोपर व चवड्यांवर देह सरळ तोलून धरणे हे अशा व्यायामाचे परिचित प्रकार आहेत. मॅरेथॉनसारख्या ४२.१९५ किलोमीटरच्या शर्यतीत धड व कटिभाग शेवटपर्यंत स्थिर राहावा आणि पोटऱ्या व मांड्या लवकर थकू नयेत, यासाठी धावपटूंच्या सरावात त्यांचा समावेश केला जातो. उत्कटासन, नौकासन व शलभासन यांत स्नायूंवर असाच ताण येतो.

तथापि दोहोंचा उद्देश भिन्न आहे. आयसोमेट्रिक व्यायामात जोर लावणे हेच साधन असते. जोर अधिक असेल आणि श्वास कोंडला गेला तर रक्तदाब झपाट्याने वाढतो. पतंजलींच्या योगसूत्रांत मात्र आसनसिद्धीसाठी प्रयत्न शिथिल करण्यास महत्त्व आहे. कुवलयानंदांनीही हाच दृष्टिकोन स्वीकारला. आसन सावकाश घ्यावे, झटके देऊ नयेत, शक्तीबाहेर ताण देऊ नये आणि कालावधी हळूहळू वाढवावा, यावर त्यांचा भर होता. शलभासनासारख्या श्रमाच्या आसनाबाबत ते विशेष सावधगिरी सुचवीत.

शारीरिक शिक्षणातील कार्य

योग हा काही साधकांपुरता न राहता शाळांमध्ये पोहोचावा, यासाठी त्यांनी दीर्घकाळ प्रयत्न केले. मुंबई सरकारच्या शारीरिक शिक्षणविषयक समित्यांवर त्यांनी काम केले. एकाच वेळी अनेक विद्यार्थ्यांना आज्ञांच्या तालावर करता येईल अशी आसनांची मांडणी त्यांनी 'यौगिक संघ व्यायाम' (१९३६) या पुस्तकात केली. महात्मा गांधींनी प्रकृतीच्या प्रश्नांवर त्यांच्याशी पत्रव्यवहार करून सल्ला घेतला होता.

१९३० च्या दशकात मुंबईत चौपाटीजवळ कैवल्यधामचे आरोग्यकेंद्र सुरू झाले. याच दशकात येल विद्यापीठाचे संशोधक कोवूर बेहनन यांनी लोणावळ्यास राहून त्यांच्या मार्गदर्शनाखाली योगाभ्यास केला आणि १९३७ मध्ये त्यावर ग्रंथ प्रसिद्ध केला. योगाचे शिक्षक तयार करण्यासाठी १९५० च्या सुमारास लोणावळ्यात गोरधनदास सेक्सरिया महाविद्यालय स्थापन करण्यात आले.

ग्रंथलेखन

'आसन' व 'प्राणायाम' हे कुवलयानंदांचे प्रमुख ग्रंथ होत. डॉ. एस. एल. विनेकर यांच्यासह लिहिलेला योगोपचारावरील त्यांचा इंग्रजी ग्रंथ १९६३ मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने प्रकाशित केला. हठयोगाच्या संस्कृत ग्रंथांच्या संपादनाचे कार्यही त्यांनी केले. त्यात 'गोरक्षशतक' या ग्रंथाचा समावेश आहे.

मृत्यू व वारसा

१८ एप्रिल, १९६६ रोजी स्वामी कुवलयानंद यांचे निधन झाले. त्यांच्यानंतर स्वामी दिगंबरजी यांनी कैवल्यधामची धुरा सांभाळली. संशोधन, शिक्षण व उपचार ही तिन्ही कामे एकाच संस्थेत चालवण्याची त्यांनी घालून दिलेली पद्धत तेथे आजही कायम आहे. त्यांचे प्रयोग त्या काळच्या मर्यादित साधनांनी केलेले होते. परंतु योगाविषयीचा कोणताही दावा मोजमापाने तपासता यावा आणि प्रतिकूल निष्कर्षही प्रसिद्ध व्हावा, हा त्यांचा आग्रह पुढील संशोधनासाठी पायाभूत ठरला.