मत्स्यशास्त्रज्ञ योहानेस पीटरसन

डेन्मार्क हा युरोपातील एक लहानसा देश. तेथील अनेक कुटुंबांचा चरितार्थ पूर्वी मासेमारीवर चाले. या देशाचे थोर मत्स्यशास्त्रज्ञ कार्ल गेओर्ग योहानेस पीटरसन यांचा जन्म १८६० साली झाला.

समुद्रातील मासे कधीच सरणार नाहीत, असा त्या काळी पुष्कळांचा समज होता. १८८३ साली लंडनच्या मत्स्यप्रदर्शनात थॉमस हक्सले या नामवंत शास्त्रज्ञानेही मोठ्या सागरी मत्स्यव्यवसायांविषयी असेच मत मांडले. परंतु डेन्मार्कच्या कोळ्यांचा अनुभव निराळा होता. आपल्याकडील लेपीसारखा चपटा असा प्लेस मासा त्यांच्या जाळ्यात दिवसेंदिवस कमी येऊ लागला होता.

१८८९ साली स्थापन झालेल्या डॅनिश जीवशास्त्र केंद्राचे पीटरसन संचालक झाले. हे केंद्र एका जुन्या जहाजावर होते. माशाला जन्मपत्रिका नसते. मग त्याचे वय ओळखावे कसे? पीटरसन यांनी मोजपट्टी हाती घेतली. एकाच वेळी पकडलेल्या पुष्कळ माशांची लांबी मोजून त्यांनी त्यांची वर्गवारी केली. तेव्हा काही ठराविक लांबीचे मासे पुष्कळ, तर मधल्या लांबीचे थोडे आढळले. जे मासे वर्षातून एकाच ऋतूत पिले देतात, त्यांचा असा प्रत्येक समूह म्हणजे एकेका वर्षाची पिढी होय, हे त्यांनी ताडले. एका पिढीतील किती मासे पुढील वर्षापर्यंत उरतात, हे पाहून मृत्यूचे प्रमाण अजमावण्याची वाट पुढील शास्त्रज्ञांना यातूनच मिळाली.

प्लेस मासे पुरते वाढण्यापूर्वीच पकडले जातात, ही खरी हानी आहे, असे पीटरसन यांनी १८९४ साली दाखवून दिले. लहान मासा वर्ष-दोन वर्षे राखला, तर त्याचे वजन वाढते आणि कोळ्याचाही लाभ होतो. पुढे त्यांनी माशांना खुणेची बटणे लावून सोडले. त्यांपैकी किती परत सापडतात, यावरून एकंदर माशांचा अंदाज बांधण्याची रीत रूढ झाली.

१९२६ पर्यंत पीटरसन यांनी केंद्राची धुरा वाहिली. १९२८ साली त्यांचे निधन झाले. त्यांचा विचार मात्र देशोदेशी पसरला. महाराष्ट्र शासनानेही २०२३ साली पापलेटसारख्या माशांची किमान लांबी ठरवून दिली. पिले राखली, तरच उद्याचे जाळे भरेल, ही शिकवण त्यामागे आहे.